विकतचं ऊन

कृषी खात्यात माझी जवळजवळ सगळी नोकरी लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत गेली. सुरुवात औसा तालुक्यात कृषी सहायक म्हणून, शेवट नांदेडला पर्यवेक्षक म्हणून. खतांचे नमुने, पीक कापणी प्रयोग, गारपिटीचे पंचनामे हे सगळ्यांच्या वाट्याला येतं तसं माझ्याही आलं. पण गावागावांत मला ओळखायचे ते ‘शेडनेटवाले साहेब’ म्हणून. आधी फलोत्पादन अभियानाच्या अनुदानातून आणि २०१८ नंतर पोकरा (कृषी संजीवनी) प्रकल्पातून या भागात जी शेडनेट आणि पॉलिहाऊस उभी राहिली, त्यांतली पुष्कळ मी खड्डे खोदायच्या दिवसापासून पाहिली. काही भंगाराच्या भावानं जातानाही पाहिली. एखादं पीक छपराखाली घेतलं तर काय मिळतं आणि उघड्यावर घेतलं तर काय, हा हिशेब ढोबळी मिरची, काकडी, जरबेरा, शेवंती यांच्या निमित्तानं मी रोजच मांडत होतो. गांजाच्या निमित्तानंही तो मांडावा लागेल, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

गांजा माझ्या वाट्याला आला तो पंच म्हणून. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली शेतात छापा पडायचा असला की पोलिसांना पंच लागतात, आणि ते सरकारी नोकर असले तर पुढं कोर्टात फितूर होत नाहीत, असा त्यांचा हिशेब. मग रात्री साहेबांचा फोन येतो, ‘उद्या सकाळी सहाला ठाण्यात हजर राहा, कशासाठी ते तिथं कळेल.’ तलाठी सातबारा घेऊन येतो, मोंढ्यातला एखादा वजनकाटेवाला धरून आणलेला असतो, फोटोग्राफर असतो, महसूलचे साहेब असतात. आणि झाडं बघायला कृषीचा माणूस. खरा निर्णय न्यायवैद्यक प्रयोगशाळेचाच. बांधावर आमचं मत म्हणजे पोलिसांना तेवढाच धीर.

अर्थात हा धीर अगदीच फुकाचा नसतो. आमच्याकडं कापसाच्या, ज्वारीच्या कडेनं अंबाडी लावायची जुनी पद्धत आहे. भाजीला पाला होतो, वाख निघतो. तिचं पान लांबून पाहिलं तर थेट गांजाचं वाटावं, तशीच हाताच्या बोटांसारखी चिरलेली पाती, तशीच दातेरी कड. एकदा खबऱ्याच्या सांगण्यावरून आम्ही चांगले दोन किलोमीटर चिखल तुडवत गेलो आणि समोर अंबाडी. खोडावर बारीक काटे, एखाददुसरं पिवळं फूल, आत जांभळा डोळा. म्हातारी बांधावर बसून पाला खुडत होती. तिनं विचारलं, ‘भाजी पायजे का साहेब?’ आमच्यातल्या एका हवालदारानं खरंच घेतली.

खरा छापा पाहिला तो भोकरच्या बाजूला, नोव्हेंबरात. कापसात तुरीचे पाटे, तूर पुरुषभर वाढलेली आणि पिवळ्या फुलांनी भरलेली. बांधावर उभं राहून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आत चार-पाच तास ओलांडले की मग नाकाला कळायचं. ओल्या डिंकावर कुणीतरी रॉकेल सांडलंय असा वास. तुरीच्या दोन झाडांमध्ये एक, असं अंतर धरून लावलेली झाडं. खालची पानं गळालेली, शेंडे मात्र दाट, आणि तुऱ्यांवर बारीक पांढुरकी लव. एका शिपायानं हातमोजे न घालता झाड उपटलं, तर तळहातावर काळसर चिकटा बसला; तो दिवसभर पऱ्हाटीच्या पानांनी हात घाशीत होता.

शेतकरी बांधावर उकिडवा बसलेला. ‘मी नाही लावलो साहेब. पाखरानं टाकलं असंल बी.’ पाखरू काही तिफणीच्या अंतरानं बी टाकत नाही, हे त्यालाही माहीत होतं. रान त्याचं नव्हतंच, बटईचं होतं. कापसाला त्या साली बोंडअळी, बियाण्याची उधारी, आणि कुणीतरी मूठभर बी आणून दिलेलं. त्याची सगळी गुंतवणूक तेवढीच. पाणी तुरीचं, खत कापसाचं, ऊन देवाचं, आणि आडोसाही पिकाचाच.

मग ताडपत्री अंथरली आणि वजन सुरू झालं. मुळासकट उपटलेली, दव पडून ओली झालेली झाडं. मी म्हणालो, मुळांची माती तरी झटका. झटकली. पण खोड, फांद्या, पाला, बी, तुरे सगळं एकत्रच काट्यावर गेलं आणि पंचनाम्यात ‘हिरवा ओला गांजा’ म्हणून एक आकडा उतरला. त्या आकड्यावर माणसाचं किती आयुष्य लटकलेलं असतं, हे मला नंतर एका वकिलानं समजावलं. १९८५ च्या त्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांबरोबर नसलेली पानं आणि बी त्यात धरत नाहीत. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोच्या वर व्यापारी. व्यापारी प्रमाण ठरलं की बाळगण्याची शिक्षा दहा ते वीस वर्षं आणि जामीन जवळपास अशक्य. नुसत्या लागवडीला वजनाची अट नाही, तिथं दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. खोड-पाल्यासकट वजन केलं म्हणून व्यापारी प्रमाण संशयास्पद ठरतं, असं म्हणत मुंबई उच्च न्यायालयानं जामीन दिल्याची प्रकरणं आहेत. आता तुरा वाळला की त्याचं वजन चौथाई-पाचवा हिस्सा उरतं, हे कुठल्याही हळदवाल्याला सांगावं लागत नाही. पण नोव्हेंबरातल्या बांधावर वाळवत कोण बसणार?

बरं, सगळे छापे ऑक्टोबर-नोव्हेंबरातच का? पोलिसांना तेव्हाच सवड मिळते म्हणून नाही. गांजा लहान दिवसांचं पीक आहे. रात्र लांबली की त्याला फुलायचं कळतं. तुरीचं तसंच, सोयाबीनचंही तसंच. म्हणून तर उशिरा पेरलेलं सोयाबीन गुडघ्याएवढं असतानाच फुलावर येतं आणि शेतकरी म्हणतो, यंदा वाढच नाही. वाढ नसते कारण दिवस संपलेले असतात. नांदेडचा मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, लहान अकराचा. या सव्वादोन तासांच्या फरकावर आमचा अख्खा खरीप चालतो. तुरीत दडवलेलं ते झाड तुरीबरोबरच फुलतं, आणि फुललं की वासानं पकडलं जातं. उघड्यावरच्या पिकाला तारीख आभाळ देतं. ती शेतकऱ्याला बदलता येत नाही आणि पोलिसांनाही ती ठाऊक असते.

तारीख बदलायची असेल तर छप्पर लागतं. हे मी शेवंतीवर शिकलो. शेवंतीही रात्र मोजणारी. पॉलिहाऊसमध्ये शेवंती घेणारे रात्री मधूनच बल्ब लावतात. रात्र तुटली की झाडाला वाटतं अजून उन्हाळाच आहे, ते नुसतं वाढत राहतं. दांडा हवा तेवढा उंच झाला की बल्ब बंद. दिवस मोठे असतील तर संध्याकाळी काळं कापड ओढायचं. मग ज्या महिन्यात लग्नं आहेत त्या महिन्यात फूल. लातूरजवळच्या एका शेतकऱ्याच्या पॉलिहाऊसमध्ये हे बल्ब पहिल्यांदा लागले तेव्हा शेजारच्या आखाड्यावरचा सालगडी मध्यरात्री बघायला आला होता, इथं लग्न आहे की काय म्हणून. बिल आलं तेव्हा मालकालाही तसंच वाटलं.

गांजा आत घेणारे नेमकं हेच करतात, फक्त टोकाला नेऊन. मला हे कळलं भाच्याकडून. लातूरच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन तो कॅनडात ऑन्टारियोला शिकायला गेला आणि पुढं लेमिंग्टन भागात हरितगृहात कामाला लागला. तिकडं मैलोन्‌मैल काचेची घरं, आत टोमॅटो, काकडी, ढोबळी. १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात गांजा कायदेशीर झाला. बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडं लावायलाही मुभा आहे. काकडीवरून तो परवानाधारक गांजाच्या कंपनीत गेला. आईला त्यानं ‘औषधी वनस्पती’ असं सांगितलं होतं. मला खरं सांगितलं, कारण त्याला माझ्याकडून फुलकिड्यांबद्दल काहीतरी विचारायचं होतं.

फोनवर तो कॅमेरा फिरवून दाखवायचा. एका बाजूला काचघर, जिथं दिवसा सूर्यच वापरतात, कमी पडला तर वरून दिवे, आणि ठरल्या वेळेला छतावर काळा पडदा सरकतो. दुसरीकडं चक्क खोल्या. खिडकी नाही. पांढऱ्या भिंती, वर दिवे, डोक्याला जाळी, बुटांवर पिशव्या. झाडं बियांची नाहीतच, एकाच मातृवृक्षाच्या कलमांची. त्यामुळे सगळी मादी, सगळी एका उंचीची. वाढीच्या काळात अठरा तास उजेड, मग एके दिवशी कळ दाबून बारा तास, की सगळी खोली एकदम फुलावर. हवेत कार्बन डायऑक्साइड सोडून तो बाहेरच्या दुपटीच्या वर नेलेला. फुलोऱ्यात करपा-बुरशी येऊ नये म्हणून हवेतली ओल खेचून काढणारी यंत्रं रात्रंदिवस चालू. पाणी नळीतून, त्यात मोजून खत. फवारणी जवळपास नाहीच. माणूस ओढणार ते पीक, बहुतेक औषधांना परवानगी मिळत नाही. त्याऐवजी झाडाला कागदी पुड्या अडकवायच्या, त्यांतून मित्रकोळी बाहेर येतात आणि शत्रुकोळी खातात.

शेडनेटवाल्या माणसाला हे पाहून हेवा वाटल्याशिवाय राहत नाही. आमच्याकडं दहा गुंठ्यांच्या ढोबळीत फुलकिडे आले की आठवड्याला पंप, तरी शेवटी बोकड्या. मातीत सूत्रकृमी घुसले की तिसऱ्या वर्षी पॉलिहाऊस नुसतं उभं. आणि सरसपणाचं म्हणाल तर आतल्या मालाला तोड नाही: एकसारखा तुरा, बी नाही, धूळ नाही. उघड्यावर एक नर झाड शिवारात राहिलं तरी परागकण वाऱ्यानं पसरतात, माद्यांत बी धरतं आणि माल उतरतो. ब्रिटिश काळात बंगालच्या नौगावात नर झाडं हेरून उपटायला पोद्दार नावाचे जाणते लोक फिरायचे, हे १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनच्या नोंदीत आहे. खिडकी नसलेल्या खोलीला पोद्दार लागत नाही.

पण मी भाच्याला दर वेळी एकच विचारायचो, विजेचं काय? पहिल्यांदा तो हसला. नंतर त्यानंच एक अभ्यास पाठवला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये हिशेब केला होता की खोलीत पिकवलेल्या एक किलो वाळल्या फुलामागं, ठिकाणानुसार, सुमारे सव्वादोन ते सव्वापाच टन कार्बन डायऑक्साइडएवढं प्रदूषण होतं. सगळ्यात मोठा वाटा दिव्यांचा आणि हवा थंड, गरम, कोरडी करण्याचा. म्हणजे दिवे लावून ऊन करायचं, त्या उन्हानं खोली तापली की ती थंड करायची, झाडांनी सोडलेली वाफ पुन्हा विजेनंच ओढून घ्यायची. आभाळ जे फुकट करतं त्या प्रत्येक गोष्टीचं तिकडं मीटर फिरतं.

तिकडं त्याला निदान कारण आहे. लेमिंग्टनला जूनचा दिवस सव्वापंधरा तासांचा आणि डिसेंबरचा नऊचा, ऑक्टोबरात हिमतुषार. उघड्यावर वर्षाला एक पीक, तेही फुलोरा पुरा होतो न होतो तोवर थंडीच्या तोंडी. तरी २०१९ पासून तिथंही उघड्या शेतांना परवाने मिळू लागले, आणि भाचा सांगतो, तेल-अर्क काढायला जो माल लागतो तो बाहेरचाच परवडतो. चिमूटभर फूल बाटलीत सजवून विकायचं असेल तर खोली.

आमच्याकडं काय कारण आहे? लातूरला मे महिन्यात बेचाळीस, नांदेडला त्याहून वर. बंद पॉलिहाऊसमध्ये दुपारी उभं राहवत नाही, म्हणून आपण बाजू उघडणारी, नैसर्गिक हवेची घरं बांधतो. पंखे आणि ओल्या पॅडची घरं काहींनी बांधली. थ्री फेज वीज आठ तास, त्यातही काही दिवस रात्रीची. पंखे बंद पडल्यावर अर्ध्या तासात जरबेरा माना टाकतो. मार्च २०१४ च्या गारपिटीत शेडनेटच्या चिंध्या झाल्या, पाइप वाकले. उघड्यावरचं हरभऱ्याचं नुकसान एका हंगामाचं, पण छपराचं नुकसान म्हणजे बँकेचं कर्ज. आणि २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं प्यायला पाणी आणलं, त्या उन्हाळ्यात पॉलिहाऊसवाले टँकर शोधत होते. तेव्हा माझ्या कार्यक्षेत्रातल्या एकानं दहा गुंठ्यांतली रंगीत ढोबळी जगवली खरी. टँकरचे पैसे वजा करून हाती काय राहिलं हे त्यानं मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तरी लोक विचारतात. निवृत्तीनंतर तर जास्तच. ‘साहेब, उत्तराखंडात चालू झालंय म्हणे, आपल्याकडं परवानगी कधी? पॉलिहाऊस मोकळंच पडलंय.’ त्यांना सांगावं लागतं की तिकडं परवाना आहे तो धाग्याच्या आणि बियांच्या भांगेचा; नशेचा घटक ०.३ टक्क्यापेक्षा जास्त निघाला तर पीक नष्ट करायचं. धाग्याला उंच खोड लागतं, दाट पेर लागते, एकरांनी रान लागतं. ते पॉलिहाऊसमध्ये घेणं म्हणजे ज्वारी गच्चीवर पेरण्यातला प्रकार. आणि नशेच्या फुलाचं म्हणाल, तर उद्या खुलं झालं तरी भाव काय राहणार? रंगीत ढोबळीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. कॅनडात कॅनपी ग्रोथसारख्या बड्या कंपनीनं मार्च २०२० मध्ये ब्रिटिश कोलंबियातली दोन हरितगृहं, मिळून सुमारे तीस लाख चौरस फूट, बंद करून टाकली. माल जास्त झाला होता. तीस लाख चौरस फूट म्हणजे जवळपास सत्तर एकर काच. आमच्या दहा गुंठेवाल्याला मी हा आकडा सांगतो तेव्हा तो दुसऱ्या विषयाकडं वळतो.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती मी पंच असल्यापासून खटकते. खरा व्यापार आमच्या तुरीतून चालत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये नायगाव तालुक्यात मांजरमजवळ केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागानं (एनसीबी) एक ट्रक अडवला, त्यात ११२७ किलो गांजा होता. आंध्रातून निघून जळगावकडं चाललेला. अलीकडं मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या बॅगांत खोलीत पिकवलेला, ‘हायड्रोपोनिक’ म्हणतात तो माल दर थोड्या दिवसांनी सापडतो. म्हणजे पैसेवाल्या गिऱ्हाइकाला आतलाच माल हवा आणि तो पिकवणारा कुठल्या तरी देशात खिडकी नसलेल्या खोलीत बसलेला. खोलीला वास दाबायला कोळशाच्या गाळण्या असतात. तुरीला नसतात. बटईवाला पकडला जातो तो त्याचं पीक उघड्यावर आहे म्हणून, आणि त्याचं वजनही सगळ्यात जास्त भरतं, कारण काट्यावर त्याची मुळं आणि खोडंही चढतात. त्यानं गुन्हा केला नाही असं मी म्हणत नाही. पंचनाम्यावर माझी सही आहे आणि कोर्टातही मी पाहिलं तेच सांगितलं. उलटतपासणीत वकिलानं विचारलं, ‘तुरे वेगळे करून वजन केलं होतं का?’ मी म्हणालो, ‘नाही.’ पुढचं न्यायाधीशांचं काम.

भाचा गेल्या वर्षी परतला. तिकडचा खोल्यांचा विभाग मालकांनी बंद केला, काचघर तेवढं ठेवलं. आता त्याला लातूरजवळ रोपवाटिका काढायचीय: टोमॅटो, मिरची, कलिंगड, आणि शेवंतीची मुळं फुटलेली कलमं. कलमं करण्यात त्याचा हात बसलाय, हे खरंच. कुणाचं तरी सांगाडा उरलेलं पॉलिहाऊस भाड्यानं मिळतंय, वीस गुंठ्यांचं. कागद फाटलेला, पाइप शाबूत. त्यानं यादी करून आणली. एलईडी दिवे, हवा कोरडी करायचं यंत्र, कार्बन डायऑक्साइडच्या टाक्या, संगणकावर चालणारा पडदा. मी पेन घेऊन बसलो. दिवे खोडले; शेवंतीपुरते साधे बल्ब ठेवले. यंत्र खोडलं, टाक्या खोडल्या, पडदा हातानं ओढायचा केला. दोनशे मायक्रॉनचा नवा कागद, बाजूंना चाळीस मेशची कीडरोधक जाळी, दाराला दुहेरी पडदा आणि मित्रकोळ्यांच्या पुड्या मात्र त्याच्याच आग्रहानं राहिल्या, आणि त्या इकडं कुठून मागवायच्या हे शोधायचं काम त्यानं माझ्याकडं दिलंय. जनरेटरवर आमचं अजून जमलेलं नाही. तो म्हणतो पंधरा केव्हीए, मी म्हणतो आधी विहिरीला मोटर किती तास चालते ते महिनाभर लिहून काढ.